प्रेरणेची पोचपावती नको, प्रश्न लिहा

सध्या शाळा-कॉलेजांना एक नवा छंद लागला आहे. प्रोजेक्टर लावायचा, एखादे प्रेरणादायी भाषण दाखवायचे आणि विद्यार्थ्यांकडून एक पान लिहून घ्यायचे : 'या भाषणातून मला काय प्रेरणा मिळाली?' भाषण कधी अमेरिकेतल्या उद्योगपतीचे असते, कधी स्पर्धा परीक्षेतल्या टॉपरचे, कधी तासाला हजारो रुपये घेणाऱ्या आपल्याकडच्या 'मोटिव्हेशनल स्पीकर'चे. लिहिलेल्या पानाला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. आणि या सगळ्याला नाव दिले जाते 'आत्मचिंतन'.

आम्ही स्पष्ट सांगतो, हे चिंतन नाही. ही पोचपावती आहे. वक्त्याने माल पाठवला, विद्यार्थ्याने 'मिळाला, आभारी आहे' म्हणून सही केली, एवढाच त्याचा अर्थ. आणि ही पावती सगळ्यात महागात पडते ती आपल्या मुलामुलींना.

त्या पानांवर काय लिहिलेले असते?

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. अकरावीपासून पदवीपर्यंतची मुलेमुली तिथे येतात आणि त्यांच्या वह्या आमच्या नजरेखालून जातात. गेल्या दोन-तीन वर्षांत अशी कितीतरी 'आत्मचिंतने' आम्ही वाचली. कॉलेजे वेगळी, विषय वेगळे, पण वाक्ये तीच. 'मी मेहनतीत कमी पडतो.' 'मला माझी मानसिकता बदलली पाहिजे.' 'परिस्थिती हे फक्त कारण असते.' 'मी वेळेचे नियोजन करत नाही.'

ही वाक्ये लिहिणारी मुले कोण आहेत? एकाचा बाप रोज सकाळी मजूर नाक्यावर उभा राहतो, काम मिळाले तर मिळाले. एकीची आई चार घरची धुणीभांडी करते आणि पाहुणे आले की मुलीलाही सोबत नेते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे, त्यात एक आजारी. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर महिनोन्‌महिने 'प्रलंबित'. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये असे शासनाचे आदेश असताना कॉलेजने आधी पैसे भरून घेतलेले, आणि ते पैसे बापाने व्याजाने काढलेले. असा मुलगा पान भरून लिहितो की मी वेळेचे नियोजन करत नाही!

समाजशास्त्र शिकलेल्यांना सी. राइट मिल्स आठवत असेल. १९५९ साली 'द सोशियॉलॉजिकल इमॅजिनेशन' या पुस्तकात त्याने एक साधा फरक दाखवून दिला : काही अडचणी व्यक्तीच्या असतात आणि काही प्रश्न समाजाच्या रचनेचे असतात. एका वर्गातला एक मुलगा मागे पडला तर त्याच्या सवयी तपासा. पण एका वस्तीतली बहुतेक मुले वर्षानुवर्षे मागे पडत असतील तर वस्ती, शाळा, पगार आणि जात तपासावी लागते. प्रेरणेचा धंदा नेमके याच्या उलट करतो. समाजाचा प्रश्न उचलतो आणि मुलाच्या दप्तरात टाकतो. मग मुलाला राग येत नाही, लाज वाटते. रागातून संघटना उभी राहू शकते, लाजेतून फक्त मान खाली जाते.

भाषणे तपासून पाहू

आपली मुले जी भाषणे बघतात तीच घेऊ. स्टीव्ह जॉब्सने २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीदान समारंभात केलेले भाषण आपल्याकडे दाखवले गेले नाही असे कॉलेज सापडणे कठीण. त्यात तो सांगतो की आपण कॉलेज सोडले, मग आवडीच्या सुलेखनाच्या वर्गाला जाऊन बसलो आणि पुढे ते कामी आले. गोष्ट सुरेख आहे. पण कॉलेज सोडणे ही गोष्ट ज्याच्या मागे उभे राहायला काहीतरी असते त्याच्यासाठी वेगळी आणि आपल्या वस्तीतल्या मुलासाठी वेगळी. आपल्याकडे कॉलेज सुटले की मुलगा सुलेखनाच्या वर्गाला जात नाही, डिलिव्हरीची बॅग पाठीला लावतो. मुलगी तर थेट बोहल्यावर जाते. हा फरक त्या एका पानात कुठे लिहायचा असतो? त्याला जागाच ठेवलेली नसते.

दुसरे उदाहरण. टेड या प्रसिद्ध मंचावर २०१२ साली ॲमी कडी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांगितले की दोन मिनिटे छाती काढून, हात कमरेवर ठेवून ताठ उभे राहा, शरीरातली संप्रेरके बदलतात आणि आत्मविश्वास वाढतो. कोट्यवधी लोकांनी ते भाषण पाहिले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग करून पाहिला तर संप्रेरकांचा तो परिणाम हाती लागला नाही. मूळ शोधनिबंधाच्या सहलेखिका डेना कार्नी यांनी २०१६ साली जाहीरपणे सांगितले की हा परिणाम खरा आहे असे आपल्याला आता वाटत नाही. कडी बाई आपल्या म्हणण्याच्या बऱ्याच भागावर ठाम राहिल्या, पण वाद झाला, तपासणी झाली. आपल्या वर्गांत मात्र भाषण पोचले आणि तपासणी पोचली नाही. शिवाय उभे कसे राहायचे हे आमच्या आज्याला शिकवणारे गावात पुष्कळ होते. मान वर करून उभा राहिला म्हणून त्याला मार पडत होता. ताठ उभे राहण्याचा प्रश्न आमच्यासाठी संप्रेरकांचा कधीच नव्हता, तो सत्तेचा होता.

आणि देशी वक्त्यांचा लाडका एकलव्य! 'साधने नव्हती, गुरू नव्हता, तरी जिद्दीने शिकला' असे सांगून टाळ्या घेतल्या जातात. अंगठ्याचे काय? तो कापून घेणाऱ्याचे काय? तिथे येऊन वक्ता गुरुभक्तीवर घसरतो. एवढ्या गोष्टीतून आदिवासी विद्यार्थ्याने कोणती प्रेरणा घ्यायची? जिद्दीने शीक आणि मागितला की अंगठा दे, ही?

१८ मिनिटे आणि १८ तास

टेडच्या भाषणाला १८ मिनिटांची मर्यादा असते. आपल्याकडे दुसरेच १८ चालते. भीमजयंती किंवा ६ डिसेंबर आला की ठिकठिकाणी 'सलग १८ तास अभ्यास' उपक्रम होतात. बाबासाहेब १८-१८ तास वाचत, म्हणून आपणही बसायचे. वाचनाची गोडी लागत असेल तर आमचा त्याला विरोध नाही. आमचा विरोध आहे तो बाबासाहेबांनाच मोटिव्हेशनल स्पीकर करून टाकण्याला.

जयंतीच्या मंचावरचे भाषण आठवून पाहा. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, पाव खाऊन काढलेले दिवस, ढीगभर पदव्या. आणि शेवटी, 'ते करू शकले, तर तुम्ही का नाही?' हा प्रश्न वरवर उत्साहाचा वाटतो, पण तो आरोप आहे. तुम्ही करू शकला नाहीत तर दोष तुमचा, असे तो सांगतो.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आयुष्याचा हा अर्थ कधी लावला का? १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. लंडन, बुद्धी आणि मेहनत जागेवरच होती, पैसे नव्हते. बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर राहायला घर मिळेना. १९२० साली पुन्हा लंडनला जाता आले ते सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले उसने पैसे यांच्या बळावर.

हे सगळे भोगून बाबासाहेबांनी काय केले? मुलांना जिद्दीची व्याख्याने देत फिरले नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर सरकारपुढे आपल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची मागणी ठेवली. आज जिला आपण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो ती १९४४ साली सुरू झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. ज्याला स्वतःला खाचखळग्यांतून जावे लागले त्याने मागच्यांना खळग्यांतून चालण्याची कला शिकवली नाही, रस्ता बांधायला घेतला. १८ तासांची गोष्ट सांगायची असेल तर रस्त्याची गोष्टही सांगा. नाहीतर बाबासाहेबांच्या नावाने तुम्ही व्यवस्थेची सुटका करता.

दोन विद्यार्थ्यांचे लेखन

विद्यार्थ्याने ऐकलेल्या-वाचलेल्यावर कसे लिहावे याचे दोन धडे आपल्या परंपरेतच आहेत.

पहिला मुक्ता साळवेचा. पुण्यात जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. १८५५ साली, वय चौदाच्या आसपास असताना, तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आजच्या भाषेत ती पहिल्या पिढीतली विद्यार्थिनी. तिला शाळा मिळाली होती, शिक्षक मिळाले होते. कृतज्ञतेचे एक पान लिहून ती मोकळी झाली असती तर तिला कोणी नावे ठेवली नसती. पण तिने धर्मालाच जाब विचारला. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता? पेशवाईत आमच्या लोकांचे काय हाल झाले? अंगावर छप्पर नसताना आमच्या बाया बाळंत कशा होतात? तिने शिकण्याचे आवाहनही केले, पण दुःखाचा हिशेब मांडून झाल्यावर.

दुसरा धडा स्वतः विद्यार्थी भीमरावांचा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. वय २५. त्यात सेनार, नेसफील्ड, रिझले आणि आपले श्री. व्यं. केतकर या त्या काळच्या मोठ्या अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून घेतल्या. कोणती कुठे बरोबर, कुठे अपुरी, हे दाखवले आणि मग स्वतःचे म्हणणे मांडले. 'या विद्वानांमुळे मी भारावून गेलो' असे लिहिले असते तर आज तो निबंध कोणाच्या लक्षात राहिला असता?

दोघांच्या लेखनात एक गोष्ट समान आहे. दोघांनी ऐकणाऱ्याच्या जागेवरून उठून विचारणाऱ्याची जागा घेतली. आमच्या मते चिंतन म्हणतात ते याला.

भाषण संपल्यावर काय झाले?

आंबेडकरी परंपरेत भाषणाची किंमत टाळ्यांवर ठरत नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. भाषणे झाली, ठराव झाले आणि लोक उठून चवदार तळ्याकडे चालू लागले. अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. कागदावरचा हक्क ओंजळीत घ्यायला लोक निघाले. त्यानंतर मार खाल्ला. डिसेंबरात मनुस्मृती जाळली. कोर्टकचेऱ्या दहा वर्षे चालल्या आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. एका भाषणामागे दहा वर्षांचे काम!

आणि बाबासाहेबांचे जगात सर्वाधिक वाचले गेलेले एक भाषण तर झालेच नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मसुदा वाचून आयोजक घाबरले. काही भाग वगळा म्हणाले. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. तेच 'जातिप्रथेचे विध्वंसन'. विद्यार्थ्यांनो, हा निकष लक्षात ठेवा. जे भाषण दाखवायला कोणत्याही संस्थाचालकाला भीती वाटत नाही, त्या भाषणात आपल्यासाठी काय असणार?

त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबईला धर्मांतरावरचे 'मुक्ती कोन पथे' भाषण झाले. त्याच्या शेवटी बाबासाहेबांनी बुद्धाने आनंदाला दिलेला अखेरचा उपदेश सांगितला. आपला दीप आपणच व्हा. आज तेच वचन सेल्फ-हेल्पच्या पुस्तकांत 'स्वतःवर विश्वास ठेवा' एवढे बारीक करून विकले जाते. त्या सभेत त्याचा अर्थ होता की मी सांगतो म्हणून धर्म सोडू नका, तुमच्या बुद्धीला पटले तर सोडा. हजारोंच्या सभेत नेता सांगतो आहे की माझ्या शब्दावर विसंबू नका! कालामांना बुद्धाने हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, बोलणारा लायक दिसतो म्हणून किंवा तो आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका.

'पण मुलांना धीर नको का?'

हा आक्षेप आमचे काही कार्यकर्ते मित्रही घेतात. मुले आधीच खचलेली असतात, त्यांच्यापुढे व्यवस्थेचे रडगाणे कशाला? चार चांगले शब्द ऐकले तर उभारी येते.

धीर हवाच. पण धीर कशाने येतो? रोहित वेमुलाला जिद्द कमी होती का? केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी. करणारा, विज्ञानावर लिहायची स्वप्ने पाहणारा तरुण. त्याची फेलोशिप अडकली, वसतिगृहातून बाहेर काढले, सोबत्यांसह तो उघड्यावर झोपला. १७ जानेवारी २०१६ ला आपण त्याला गमावले. त्याला 'सकारात्मक राहा' सांगणारे कोणी भेटले नाही म्हणून हे झाले का? वेळेवर फेलोशिप, डोक्यावर छप्पर आणि बाजू घेणारी संस्था, धीर याचा येतो. २०२३ साली बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसले होते. त्यांच्यात जी उमेद होती ती कोणत्या व्हिडिओतून आली नव्हती, शेजारी बसलेल्या माणसातून आली होती.

शिवाय व्यवस्था समजणे म्हणजे रडगाणे नव्हे. आपण नापास झालो ते मठ्ठ आहोत म्हणून नाही, हे कळले की मुलाची पाठ आपोआप सरळ होते. आम्ही अभ्यासिकेत हे रोज पाहतो. आणि मेहनतीला आमचा विरोध असेल असे कोणी समजू नये. मेहनत आमच्या लोकांना कोणी शिकवायची गरज नाही, पिढ्यान्‌पिढ्या दुसरे काय केले? 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातले पहिले क्रियापद ठेवून बाकीची दोन पुसून टाकायची, हा आजच्या प्रेरणेचा डाव आहे. आमचा विरोध त्या पुसण्याला आहे.

सगळीच भाषणे टाकाऊ असतात असेही नाही. त्याच टेडच्या मंचावर २००९ साली चिमामांडा न्गोझी अडिची या नायजेरियन लेखिकेने एकाच बाजूने सांगितलेल्या गोष्टीचा धोका सांगितला. एखाद्या समाजाबद्दल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की तो समाज तेवढाच होऊन बसतो, आणि कोणाची गोष्ट कोणी सांगायची हे सत्ता ठरवते, असे तिचे म्हणणे. ते जरूर ऐका. आणि मग विचारा, आपल्या पाठ्यपुस्तकांत आपली कोणती एकच गोष्ट सांगितली आहे?

पुढच्या वेळी काय लिहाल?

तुमच्यापुढे पुन्हा भाषण लावले जाईल आणि पान मागितले जाईल. गुण जाऊ द्या असे आम्ही म्हणणार नाही, गुण आपल्याला हवेत. पण पान असे लिहा.

एक, वक्ता कुठून आला? त्याची फी कोणी भरली, जमीन, जात, भाषा, ओळखीपाळखी यांतले त्याच्यापाशी आधीपासून काय होते? दोन, त्याने गोष्टीतून काय वगळले? तीन, त्याने केलेला दावा तपासला गेला आहे का? चार, हा सल्ला आपल्या वस्तीतल्या मुलीने पाळायचा ठरवला तर तिला काय काय लागेल? पाच, ते मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची आहे आणि ती पार पडली का?

पाचव्या प्रश्नापाशी थांबू नका. तो वहीतून बाहेर काढा. यूजीसीच्या २०१२ च्या विनियमांनी उच्च शिक्षण संस्थांना समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. तुमच्या कॉलेजात ते कुठे बसतात, विचारा. गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज कॉलेज पातळीवर अडकले, माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. एकट्याने नको, दहाजणांनी सह्या करून पत्र द्या. वसतिगृहाची यादी लागली नसेल तर समाजकल्याणच्या कार्यालयात मिळून जा.

विहारांच्या, मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही आमचे सांगणे आहे. येत्या जयंतीला व्याख्यात्याच्या हारतुऱ्यांवर होणारा खर्च निम्मा करा आणि व्याख्यानानंतर एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. जो वक्ता प्रश्न घेणार नाही त्याला बोलावू नका. १८ तास अभ्यास ठेवायचाच असेल तर त्यातले दोन तास वस्तीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज तपासायला द्या.

कॉलेजला तुमच्याकडून आभार हवे आहेत. मुक्ता साळवेच्या लेकींनी आणि भीमरावांच्या लेकरांनी त्यांना प्रश्न द्यावेत.

जय भीम!